देवशब्द टिकतो म्हणजे काय? – यशयाच्या गुंडाळीपासून मराठी शास्त्रापर्यंत

पवित्र शास्त्र शाश्वत आहे, हे वाक्य आपण प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून आणि प्रार्थनासभांतून वारंवार ऐकतो. ते खरेच आहे. परंतु शाश्वत म्हणजे नेमके काय, असा प्रश्न कोणी सरळ विचारला तर आपल्यापैकी अनेकांची उत्तरे डळमळतात. कागद तर जळतो, शाई उडते, वाळवी लागते. भाषाही शंभर वर्षांत इतकी बदलते की आजोबांच्या घरातील बायबल नातवाला वाचता येत नाही. मग टिकते ते काय? परभणी, जालना, बीड, नांदेड अशा जिल्ह्यांतून आमच्याकडे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो. कधी शेजारी विचारतो, "तुमचे बायबल किती वेळा बदलले?" तर कधी घरातील तरुण विचारतो, "इतकी भाषांतरे कशाला? एकच का नाही?" या लेखात आम्ही या प्रश्नांचा थोड्या विस्ताराने विचार करीत आहोत.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा चाळिसावा अध्याय हा या विषयाचा मूळ आधार. ज्या लोकांना उद्देशून हा अध्याय आहे ते बाबेलमध्ये बंदिवासात होते. यरुशलेम इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास पडले होते, मंदिर जळाले होते, राजवंश संपला होता. देवाने दिलेले वचन आता कशाच्या आधारावर उभे राहणार, ही त्यांची व्यथा होती. संदेष्टा त्यांना सांगतो की माणूस गवतासारखा आणि त्याचे वैभव रानफुलासारखे आहे. परमेश्वराचा श्वास त्यावर वाहिला की गवत वाळते आणि फूल कोमेजते, देवाचा शब्द मात्र कायम उभा राहतो. येथे श्वास आणि वारा या दोन्हींसाठी इब्री भाषेत एकच शब्द आहे. पॅलेस्टाईनमध्ये वाळवंटाकडून येणारा उष्ण वारा हिरवे रान पाहता पाहता करपवून टाकतो. गोदावरी आणि दुधनेच्या काठची काळी जमीन नांगरणाऱ्यांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. सुगी झाल्यावर फाल्गुन-चैत्रात बांधावरच्या गवताची काय अवस्था होते ते ते दरवर्षी पाहतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यशया पुस्तकाविषयी बोलत नाही, देवाने दिलेल्या अभिवचनाविषयी बोलतो. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हेच वचन घेतले आहे आणि हा शब्द म्हणजे तुम्हांला सांगितले गेलेले शुभवर्तमान होय, असे स्पष्ट केले आहे. प्रभू येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आकाश व पृथ्वी नाहीशी होईल परंतु आपली वचने नाहीशी होणार नाहीत, असे सांगितले, तेव्हा ती वचने कोठेही लिहिलेली नव्हती. ती शिष्यांच्या कानांत आणि स्मरणात होती. अर्थात लिखित अक्षराचे महत्त्व प्रभूने कमी केले नाही. डोंगरावरील प्रवचनात तो नियमशास्त्रातील सर्वांत लहान अक्षराचा उल्लेख करतो. इब्री 'योद' हे अक्षर आपल्या अनुस्वाराहून फारसे मोठे नसते.

लिखित शास्त्र नष्ट करण्याचा प्रयत्न शास्त्रातच नोंदलेला आहे. यिर्मयाच्या ग्रंथाचा छत्तिसावा अध्याय प्रत्येकाने एकदा तरी सावकाश वाचावा. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाने सांगितलेली आणि बारुखाने लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखविली जात आहे. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असे करता करता सारी गुंडाळी जळून जाते. पुढे काय झाले? यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारुखाने सर्व मजकूर पुन्हा लिहिला, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. राजाने जाळलेल्या शास्त्रापेक्षा आपल्या हाती आलेले शास्त्र मोठे आहे!

हाच प्रसंग इतिहासात पुनःपुन्हा घडला. रोमन सम्राट डायोक्लेशियनने फेब्रुवारी ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांची शास्त्रे जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. काही ठिकाणी पुढाऱ्यांनीच भीतीने ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. अशांना लॅटिनमध्ये 'ग्रंथ सोपवून देणारे' या अर्थाचे जे नाव पडले, त्याच शब्दापासून पुढे युरोपीय भाषांत विश्वासघातक्यासाठीचे शब्द तयार झाले. इ.स. ३०४ मध्ये आजच्या ट्युनिशियातील आबितिना या गावच्या ख्रिस्ती लोकांना कार्थेज येथे न्यायासनापुढे उभे केले गेले. त्यांच्यापैकी एमेरितुस याच्या घरी रविवारची उपासना होत असे. तुझ्या घरी शास्त्रे आहेत काय, असे त्याला विचारण्यात आले. आहेत, पण ती माझ्या हृदयात आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. हृदयातील ग्रंथ जप्त करण्याची सोय कोणत्याही साम्राज्याकडे नसते.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. बायबल बदलले काय? १९४७ पर्यंत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते, कारण आपल्याकडे असलेली संपूर्ण इब्री जुन्या कराराची हस्तलिखिते फार तर दहाव्या-अकराव्या शतकातील होती. यशया आणि ती हस्तलिखिते यांच्यामध्ये दीड हजार वर्षांची पोकळी होती. १९४७ मध्ये मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहेत मेंढपाळांना मातीच्या रांजणांत गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ होता. ही गुंडाळी सुमारे सव्वासात मीटर लांब असून तिच्यात ५४ स्तंभ आहेत आणि ती इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेली आहे. म्हणजे आपली साक्ष एकदम सुमारे एक हजार वर्षे मागे गेली. दोन्ही पाठ जुळवून पाहता ग्रंथ तोच आहे असे दिसले. फरक आहेत, नाहीत असे नव्हे. बहुतेक ऱ्हस्व-दीर्घासारखे शुद्धलेखनाचे, काही व्याकरणाचे, आणि थोडे खरोखर अर्थाचे.

यातील एक फरक मोठा बोलका आहे. गवत वाळते आणि देवाचा शब्द टिकतो, या अर्थाची जी वचने वर सांगितली, नेमक्या त्याच ठिकाणी या गुंडाळीच्या मूळ लेखनिकाकडून काही शब्द लिहावयाचे राहिले आहेत. 'गवत वाळते, फूल कोमेजते' हे शब्द त्या दोन ओळींत दोनदा येतात. एका ठिकाणाहून नजर उचलून दुसऱ्या ठिकाणी पडली म्हणजे मधला मजकूर सुटतो. हाताने नक्कल करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. पुढे दुसऱ्या एका हाताने ते शब्द ओळींच्या मध्ये आणि समासात बारीक अक्षरांत भरले आहेत, आणि देवाचे नाव लिहावयाचे तेथे आदरापोटी केवळ चार टिंबे दिली आहेत. ग्रीक भाषेतील प्राचीन 'सत्तरांच्या भाषांतरा'तही हे शब्द नाहीत. त्यामुळे लेखनिकाची ही चूक होती की त्याच्यापुढील प्रतच आखूड होती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते काहीही असो. शास्त्र आकाशातून छापील स्वरूपात पडले, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे पाहून धक्का बसेल. आम्हांला मात्र त्या समासातील बारीक अक्षरांइतका शास्त्राच्या टिकण्याचा दुसरा चांगला पुरावा आढळत नाही. एकाच्या हातून सुटले ते दुसऱ्याने भरले. समाज जागा होता म्हणून शब्द राहिला.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच्याशी सुसंगत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हर्बुम' हा दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शास्त्राचे लेखन पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने झाले, म्हणून देव त्याचा कर्ता आहे. परंतु लिहिणारी माणसे ही खरेखुरे लेखक होती, आपापली बुद्धी, भाषा आणि शैली वापरणारी होती, असे त्यात म्हटले आहे. शाश्वत शब्दाने जसा मानवी देह धारण केला तसे देवाचे बोल मानवी भाषेत उतरले, ही तुलनाही तेथेच आहे. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा ही 'ग्रंथाचा धर्म' नव्हे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्र. १०८) सांगतो, ती जिवंत शब्दाची, म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताची श्रद्धा आहे. बायबल उशाखाली ठेवून झोपणे किंवा डोळे मिटून कोणतेही पान उघडून त्यात आजचा कौल शोधणे, या सवयी आपल्या भागात अजूनही दिसतात. त्यांत भक्ती असेल, पण वाचन नाही.

शास्त्र मराठीत कसे आले, हा या विषयाचा आपल्याला सर्वांत जवळचा भाग आहे. येथे प्रारंभी नाव घ्यावे लागते ते इंग्लंडमध्ये १५४९ मध्ये जन्मलेल्या आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नव्हे. जुन्या व नव्या करारातील तारणाच्या इतिहासाचे ते काव्यमय निवेदन आहे. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, पण त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही हाती आले नव्हते. ही उणीव फादर स्टीफन्स यांनी ओळखली. त्यांनी निवडलेला छंद तोच, ज्यात ज्ञानदेवांनी लिहिले आणि परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे नाव ज्या परंपरेत जात्यावर घेतले जाते. लॅटिन प्रार्थना शिकवून हे साधले नसते.

या ग्रंथाची पुढील कथा यहोयाकीमाच्या शेगडीची आठवण करून देते. देवनागरी खिळे पाडणे त्या काळी जमले नाही म्हणून तो रोमन लिपीत छापला गेला. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या: १६१६, १६४९ आणि १६५४. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. पोर्तुगीज शासनाने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. छापील ग्रंथ गेले, आणि तरी पुराण राहिले, कारण कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतले, चर्चमध्ये आणि घरी गाऊन जिवंत ठेवले. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ते पुन्हा छापले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून निघाली. देवनागरीतील एक जुने हस्तलिखित लंडनच्या विद्यापीठात सापडले आहे. छापखाना हा टिकाऊपणाचा हमीदार आणि हस्तलिखित दुबळे, असे आपण मानतो. येथे उलट घडले.

प्रत्यक्ष बायबलचे मराठी भाषांतर मात्र प्रॉटेस्टंट बंधूंनी प्रथम केले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतर हाती घेतले. मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये छापला गेला. त्यानंतर थोड्याच काळाने, ११ मार्च १८१२ च्या रात्री, श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. राखेत खिळे पाडण्याचे पोलादी साचे शाबूत सापडले आणि वितळलेले शिसे पुन्हा ओतून काही महिन्यांत काम सुरू झाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला स्वतंत्र मराठी नवा करार १८२६ मध्ये पूर्ण केला. पुढे बायबल सोसायटीच्या आवृत्त्या आल्या आणि त्यांची भाषा मराठी ख्रिस्ती घरांत रुजली.

पंडिता रमाबाईंचे काम या सर्वांत वेगळे आहे. संस्कृतच्या या विदुषीने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून इब्री आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणले. ज्यांच्यासाठी ते होते त्या स्त्रिया शिकलेल्या नव्हत्या. म्हणून भाषा साधी हवी, अवघड संस्कृत शब्द नकोत, असा त्यांचा आग्रह होता. ज्या बाईला अठरा हजार श्लोक मुखोद्गत असल्याची ख्याती होती, तिने संस्कृत बाजूला ठेवावे, याचे मोल भाषांतर करणाऱ्यालाच कळेल. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. काम त्यांनी पूर्ण केले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील मुली-स्त्रियांच्या हातांनी तो ग्रंथ छापला जाऊन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका स्त्रीने एकटीने संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून भाषांतरित केल्याची उदाहरणे जगातही फार थोडी आहेत.

मराठवाड्यात शास्त्र आले ते निजामाच्या राज्यात. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभारली. कॅथलिक मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूरकडील घोगरगाव परिसरात सुरू झाले. फादर गुरियन जाकिए यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांच्यापर्यंत देवशब्द पोचला तो गावोगाव पायी फिरणाऱ्या धर्मशिक्षकांच्या मुखातून, प्रश्नोत्तरांच्या पाठांतरातून आणि टाळ-मृदंगाच्या भजनांतून. मिस्सा लॅटिनमध्ये होती. ४ डिसेंबर १९६३ च्या विश्वपरिषदेच्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषेला वाट दिली आणि त्यानंतरच वेदीवरून मराठीत वाचन ऐकू येऊ लागले. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला व परभणी जिल्हा त्यात आला, तेव्हा या भागातील कॅथलिक घरांत संपूर्ण बायबल असणे ही सर्रास गोष्ट नव्हती. पाठांतरावर वाढलेल्या त्या पिढीला कमी लेखू नये. एमेरितुसही तेच सांगत होता.

अलीकडच्या काळातील कॅथलिक मराठी शास्त्राचा विचार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना वगळून करता येत नाही. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच धर्मप्रांताच्या हद्दीतील उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले. बायबल हे केवळ ख्रिस्ती मंडळींचे नव्हे तर मराठी साहित्याचेही धन आहे, हे त्यांनी वाचकांना पटवून दिले.

मग शब्द शाश्वत असताना भाषांतरे पुन्हा पुन्हा का करावी लागतात? कारण बदलतो तो ऐकणारा. योहानाच्या सहाव्या अध्यायात मुलाजवळ पाच भाकरी होत्या, त्या जवाच्या होत्या, असे मुद्दाम सांगितले आहे. त्या काळी गहू परवडणाऱ्यांचे अन्न गव्हाची रोटी होते. जव गरिबाच्या ताटात असे. 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' ही ज्वारीची वाणे देणाऱ्या या जिल्ह्यात भाकर म्हटले की अर्थ आपोआप उजळतो. तोच शब्द 'पाव' किंवा 'ब्रेड' झाला तर ते मूल गरिबाचे आहे हेच हरवते. उलट 'तारण' हा शब्द आजोबांना भजनातून परिचित होता. नातवाला तो बँकेच्या कर्जाच्या कागदावर आधी भेटतो. भाषांतरकाराने येथे जागे राहावे लागते. कुमरानच्या समासात लिहिणाऱ्या त्या अनाम हाताचेच हे काम आहे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत: जुन्या करारात ४६ आणि नव्यात २७. ही यादी चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील धर्मपरिषदांनी मान्य केली आणि ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी निश्चितपणे घोषित केली. बाजारात सहज मिळणाऱ्या मराठी बायबलमध्ये बहुधा ६६ ग्रंथ असतात. तोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारुख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ तसेच एस्तेर व दानिएल यांतील काही भाग त्यांत नसतात. ते बायबल वाचू नये असे नव्हे. नवा करार दोन्हींत तोच आहे. पण विकत घेताना अनुक्रमणिका पाहून घ्यावी.

अठरा लाखांहून अधिक वस्तीच्या परभणी जिल्ह्यात आपण मूठभर आहोत, आणि तेही विखुरलेले. दर रविवारी प्रत्येक वस्तीवर धर्मगुरू पोचू शकत नाहीत. अशा वेळी एकत्र जमून देवशब्दाची उपासना करावी, अशी शिफारस १९८३ च्या धर्मविधिसंहितेत (कलम १२४८, उपकलम २) आहे, आणि रोमहून १९८८ मध्ये त्याविषयीची मार्गदर्शिकाही निघाली आहे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक, योहान प्रामुख्याने पुनरुत्थान काळात. वाचन करणाऱ्याने ते आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावे, विशेषनामे अडखळतात. 'क' वर्षाच्या सामान्य काळातील बत्तिसाव्या रविवारचे पहिले वाचन मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातून आहे: सात भाऊ आणि त्यांची आई यांच्या हौतात्म्याचे. वस्तीवर ६६ ग्रंथांचेच बायबल असेल तर त्या दिवशी हे वाचन सापडणार नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयातून ते आधी उतरवून घ्यावे.